कासवांच्या किनाऱ्यावर व्हॉलंटियर म्हणून जायचंय? मग तिथल्या नियमांमागची कारणं आधी समजून घ्या

फेब्रुवारी आला की कोकणातून कासवाच्या पिल्लांचे फोटो यायला लागतात आणि मग ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "मला पण व्हॉलंटियर व्हायचंय, काय करावं लागतं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा एकच चित्र असतं, आपण तळहातावर पिल्लू घेतलंय आणि ते समुद्रात सोडतोय. मनापासून विचारतात लोक, त्यात शंका नाही. पण प्रत्यक्ष गेल्यावर पहिलं वाक्य कानावर येतं "हात लावायचा नाही", मग "टॉर्च बंद करा", मग "दोरीच्या अलीकडे थांबा", आणि काही जण हिरमुसतात की एवढ्या लांब आलो आणि नुसतं बघायचं? हे नियम कुठून आले ते कोणी नीट बसून सांगत नाही म्हणून हे होतं असं मला वाटतं. यातला जवळजवळ प्रत्येक नियम कासवाच्या शरीरातून आलाय. ते एकदा कळलं की आपला खरा उपयोग कुठे आहे तेही आपोआप कळतं.

आधी थोडं मागचं. आपल्याकडे किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं कासव म्हणजे मुख्यतः ऑलिव्ह रिडले. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्याला हीच कासवं लाखांच्या संख्येनं एकदम येतात, आपल्याकडे तसं नाही, इथे एकेकटी मादी येते, रात्रीची, आणि कुठल्या किनाऱ्यावर कधी येईल ते आधी सांगता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे लोक सागरी गरुडाच्या घरट्यांचा शोध घेत तिथे फिरत होते तेव्हा त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली, म्हणजे कासवं येतात पण अंडी काही टिकत नाहीत, माणसं नाहीतर कोल्हे-कुत्री नेतात. 2002 मध्ये तिथे संरक्षणाचं काम सुरू झालं, नंतर पिल्लं समुद्रात जाताना लोकांना बघता यावीत म्हणून कासव महोत्सव सुरू झाला, वनविभाग आणि त्यांचा कांदळवन कक्ष, म्हणजे खारफुटी आणि किनाऱ्यावरचे जीव सांभाळणारा विभाग, यात आले, आणि आज हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, गुहागर, गावखडी, वायंगणी अशा कितीतरी किनाऱ्यांवर हे काम चालतं. हे रोजचं काम करणाऱ्या गावातल्या माणसांना कासवमित्र म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण शहरातून जाणारा व्हॉलंटियर हा कासवमित्राचा मदतनीस असतो, त्याच्या जागी जाऊन काम करणारा नव्हे.

कासवमित्राचं काम म्हणजे काय, तर चालणं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रोज, रात्री किंवा अगदी पहाटे, किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मादी वर चढते तेव्हा तिच्या पुढच्या पायांचे वल्ह्यासारखे ओरखडे वाळूत उमटतात, ऑलिव्ह रिडलेचे डाव्या-उजव्या बाजूचे ठसे एकाआड एक पडतात, समोरासमोर नाही, त्यामुळे जाणकार माणूस माग बघूनच कासव कुठलं ते सांगतो. एक माग वर जाणारा, एक खाली येणारा, आणि दोन्ही मिळतात त्याच्या आसपास कुठेतरी घरटं. कधीकधी घरटं नसतंच, मादी वर येते, काहीतरी खटकतं आणि अंडी न घालताच परत जाते. भरतीचं पाणी आलं की माग पुसला जातो, म्हणून वेळेवर पोचणं महत्त्वाचं. पंधरा-वीस रात्री चालून काहीच न सापडणं हेही या कामात अगदी नेहमीचं आहे. व्हॉलंटियर म्हणून कोणी एक शनिवार-रविवार येतो आणि म्हणतो काहीच दिसलं नाही, तेव्हा मला सांगावंसं वाटतं की त्या रात्री काही आलं नाही हीसुद्धा नोंद आहे आणि ती वहीत जाते.

आता टॉर्चचं. मादी पाण्याबाहेर येते तेव्हा फार बुजरी असते. उजेड, हालचाल, बोलणं, मोबाईलचा स्क्रीन, कशानंही ती परत फिरते. पोटात शंभराच्या वर अंडी घेऊन ती पुन्हा समुद्रात जाणार, पुन्हा दुसरी जागा शोधणार, आणि ती जागा चांगली असेलच असं नाही. म्हणून रात्रीच्या फेरीत उजेड शक्यतो नाहीच, लागलाच तर लाल, कारण लाल प्रकाश कासवांच्या डोळ्यांना फार कमी जाणवतो. डोळे दहा-पंधरा मिनिटांत अंधाराला सरावतात आणि चांदण्यात वाळू छान दिसते, पण मध्येच कोणी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की ग्रुपमधल्या सगळ्यांचे डोळे पुन्हा पहिल्यापासून.

मादी मागच्या पायांनी साधारण दीड फूट खोल, तळाशी फुगीर आणि तोंडाशी अरुंद असा सुरईच्या आकाराचा खड्डा खणते. मागचे पाय तिला दिसतही नाहीत, नुसत्या स्पर्शावर ती हे करते, एक पाय वाळू काढतो, दुसरा उडवतो. प्रत्यक्ष अंडी पडायला लागली की मग ती सहसा उठत नाही, पण तेव्हाही मागच्या बाजूला, खाली बसून, लांबच थांबायचं. डोळ्यांतून पाणी येताना दिसतं, ते बघून लोकांना वाटतं वेदनेनं रडतेय. ते अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकायचं पाणी आहे, समुद्रातही ते चालूच असतं, किनाऱ्यावर आपल्याला दिसतं एवढंच. अंडी घालून झाली की ती वाळू लोटते आणि अंगानं थापून थापून दाबते, ऑलिव्ह रिडलेची ही खास सवय आहे, आणि मग मागे वळून न बघता जाते. पुढचं तिचं काही काम नाही.

इथून पुढे आपलं काम, आणि इथेच सगळ्यात नाजूक भाग येतो. घरटं जागेवर सुरक्षित राहणार असेल तर ते तिथेच ठेवणं सगळ्यात चांगलं, हे आधी सांगतो. हॅचरी म्हणजे कुंपण घालून केलेली जागा, तिथे अंडी हलवायची ती जागेवर वाचणारच नाहीत म्हणून, म्हणजे घरटं भरतीच्या रेषेच्या खाली आहे आणि उधाणात बुडणार आहे किंवा कुत्री, कोल्हे, रानडुकरं ते उकरणार हे नक्की आहे. कोकणात ही वेळ खूप वेळा येते म्हणून हॅचऱ्या आहेत. पण हॅचरी हा नाइलाज आहे, पहिली पसंती नव्हे, आणि जिथे घरटं जागच्या जागी जाळी लावून राखता येतं तिथे आता तसंही करतात.

हलवायची तर घाई का करतात? कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही बाजूंनी पांढऱ्या दोऱ्यांसारख्या पेडांनी धरलेला असतो, अंडं फिरलं तरी आतलं सावरतं, कोंबडी स्वतःच अंडी फिरवत असते. कासवाच्या अंड्यात ते पेड नसतात. मादीच्या पोटात असेपर्यंत ऑक्सिजन कमी असतो म्हणून गर्भाची वाढ थांबलेली असते, अंडं बाहेर पडून हवा मिळाली की ती पुन्हा सुरू होते, आणि काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. एकदा चिकटल्यावर अंडं उलटं केलं, हिसका बसला, की ते नाजूक पटल फाटतं आणि गर्भ मरतो. बाहेरून काहीही कळत नाही! अंडं तसंच पांढरं, गोल दिसतं, तुम्ही ते नेऊन पुरता, पन्नास दिवस वाट बघता आणि त्यातून काही येत नाही. म्हणून अंडी शक्यतो सहा तासांच्या आत हलवायची, प्रत्येक अंडं ज्या बाजूनं वर होतं तीच बाजू वर ठेवून, न हलवता, न गोल फिरवता, आणि नंतर पिल्लं बाहेर येईपर्यंत त्या घरट्याला हात नाही. "एक अंडं हातात घेऊन फोटो काढू का" याला नाही म्हणतात ते या कारणानं. शिवाय हातावर सनस्क्रीन किंवा डासांचं मलम असतं, कवच सच्छिद्र असतं, ते रसायन आत जाऊ शकतं, म्हणून ज्याला अंडी हाताळायचं काम दिलंय त्याचे हात धुतलेले किंवा हातमोजे घातलेले लागतात.

नवा खड्डाही मूळ घरट्याच्याच मापाचा खणायचा, तेवढाच खोल, तसाच तळाशी फुगीर, आणि मूळ घरट्यातली ओलसर वाळू थोडी बरोबर आणून वर घालायची. दोन घरट्यांत साधारण मीटरभर अंतर. हे माप टेपनं मोजायला, लिहून घ्यायला व्हॉलंटियर फार उपयोगी पडतात, आणि वाटतं तितकं ते किरकोळ काम नाही, कारण खोली बदलली की तापमान बदलतं, आणि तापमान बदललं की...

हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थक्क झालो होतो. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे माणसासारखं आधी ठरलेलं नसतं. ते वाळूच्या तापमानावर ठरतं, आणि तेही अंडी उबण्याच्या काळातल्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात. ऑलिव्ह रिडलेच्या बाबतीत साधारण 29 ते 30 अंश सेल्सिअसच्या आसपास वाळू असेल तर नर-माद्या मिसळून होतात, त्याच्या खाली नर वाढतात, वर माद्या वाढतात, आणि 34-35च्या वर बराच काळ राहिलं तर अंड्यातच मरायला लागतात. उष्णता जास्त तर पिल्लं लवकरही बाहेर येतात, 45 दिवसांच्या जवळपास, थंड वाळूत 60 दिवसांपर्यंत जातात. आता विचार करा, हॅचरी उघड्यावर केली की सावलीत, घरटं एक फुटावर घातलं की दीड फुटावर, नोव्हेंबरचं घरटं की मार्चचं, या सगळ्यावर त्या वर्षी त्या किनाऱ्यावरून किती नर समुद्रात गेले हे ठरतं. आपण अंडी तर वाचवली पण सगळ्या माद्याच तयार केल्या असं होऊ शकतं, आणि त्याचा परिणाम कळायला पुढची दहा-पंधरा वर्षं जातील कारण ऑलिव्ह रिडलेला वयात यायला तेवढा काळ लागतो. म्हणून हॅचरीवर हिरवी शेडनेट दिसते आणि वाळूत तापमान मोजायची यंत्रं पुरतात. दिवसातून ठरल्या वेळी ते आकडे लिहायला कोणीतरी लागतं, उन्हात, रोज. मला विचाराल तर पूर्ण मोसमातलं सगळ्यात मोलाचं व्हॉलंटियर काम हेच आहे आणि त्याचा फोटो कोणीच काढत नाही.

मग येतात पिल्लं. शंभरेक अंड्यांतली पिल्लं साधारण एकत्र फुटतात, कारण दीड फूट वाळू एकट्यानं वर ढकलणं जमत नाही, सगळी मिळून हातपाय मारतात, वरची वाळू खाली पडते आणि सगळा घोळका हळूहळू वर सरकतो, याला दोन-तीन दिवसही लागतात. पृष्ठभागाजवळ आल्यावर वरची वाळू तापलेली असेल तर ती थांबतात, गार झाली की बाहेर पडतात, म्हणून बहुतेक रात्री किंवा पहाटे. हॅचरीत घरट्यांवर टोपली पालथी घातलेली असते, ती उचलून बघतात, पिल्लं असतील तर मोजतात आणि सोडतात. वेळासला सकाळी आणि संध्याकाळी असं सोडण्याचं ठरलेलं असतं, आणि लांबून आलेल्या माणसांना वाटतं की आपल्यासाठी थोडा वेळ ठेवली तर काय बिघडलं?

बिघडतं. पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडा साठा शिल्लक असतो, तेच त्याचं पहिल्या काही दिवसांचं अन्न. बाहेर पडल्यावर पहिला जवळजवळ एक दिवस ते न थांबता पोहतं, किनाऱ्याजवळचं धोक्याचं पाणी ओलांडून खोल समुद्रात जायला, आणि हा जोर त्याच्यात बाहेर पडल्याक्षणी सुरू झालेला असतो. टोपलीत किंवा टबात ठेवलं तरी ते हातपाय मारतच राहतं, म्हणजे जी ताकद समुद्रात लागणार ती प्लास्टिकच्या टबात संपते. म्हणून जिथे पिल्लं दिवसभर राखून पर्यटकांसमोर सोडतात तिथे ते चुकीचं आहे असं मी स्पष्ट म्हणतो, कितीही चांगल्या हेतूनं केलं असलं तरी.

आणि थेट पाण्यात का सोडत नाहीत? पिल्लं वाळूवरून स्वतः चालत गेलेली बरी. दिशा त्यांना कळते ती उजेडावरून, रात्री समुद्राकडचं क्षितिज जमिनीकडच्या झाडाझुडपांच्या काळ्या रेषेपेक्षा उजळ असतं, त्या उजळ बाजूला ती जातात, पाण्यात शिरल्यावर लाटांना समोर धरून पोहतात आणि पुढे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतात. आपण जन्मलो त्या परिसराची काहीतरी चुंबकीय खूण त्यांच्यात राहते आणि मोठ्या झालेल्या माद्या त्याच भागात परत येतात, असं शास्त्रज्ञ मानतात. हा सुरुवातीचा प्रवास आपण उचलून छोटा केला तर त्यातलं काय चुकतं हे आपल्याला त्या वेळी दिसणार नाही, मग धोका कशाला पत्करायचा. दोरी लावतात ती पायाखाली पिल्लू येऊ नये म्हणून, आणि वाळूत पडलेले आपल्या पायांचे खोल ठसे बुजवून टाकायला सांगतात, कारण इवलंसं पिल्लू त्यात अडकून पडतं आणि वरून घारी-कावळे टपलेले असतात. रोज एकाच जागी सोडायचं नाही, नाहीतर भक्षक तिथेच येऊन बसायला शिकतात. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं असा साधारण अंदाज आहे, म्हणून सुरुवातीच्या या काही मिनिटांची एवढी काळजी.

सगळी पिल्लं गेल्यावर काही दिवसांनी घरटं उकरतात. वास येतो, सांगून ठेवतो. रिकामी टरफलं किती, न फुटलेली किती, अर्धवट वाढून मेलेली किती, हे वेगवेगळं मोजायचं. यावरून कळतं की यंदा अंडी हलवताना काही चुकलं का, पाणी शिरलं का, वाळूत बुरशी झाली का. एका हॅचरीत अंडी कमी फुटत असतील तर पुढच्या वर्षी जागा बदलायची की वाळू बदलायची हे या मोजणीवरून ठरतं. कॉलेजची मुलं हे काम फार व्यवस्थित करतात, किळस एकदा गेली की.

नोंदींवर मी एवढा भर देतोय त्याला कारण आहे. 2022च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग, म्हणजे ती कुठे जाते ते उपग्रहातून कळवणारं यंत्र, लावला, तिचं नाव ठेवलं प्रथमा, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेला असा टॅग लावायची ती पहिलीच वेळ, कांदळवन कक्ष आणि भारतीय वन्यजीव संस्था यांचं ते काम. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग केलेली बागेश्री खाली दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि 2025च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालायला आली, तिच्या पायावर धातूचा बिल्ला होता, नंबर 03233. शोध घेतला तर तो बिल्ला 2021 मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या लोकांनी लावलेला! म्हणजे पूर्व किनाऱ्यावर अंडी घातलेली कासवीण पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालायला आली. दोन्ही किनाऱ्यांची कासवं वेगळी असं आपण धरून चाललो होतो, ते इतकं सरळ नाही हे यातून दिसलं. हे कशामुळे कळलं, तर रात्री किनाऱ्यावर माणूस हजर होता, त्यानं पायावरचा बिल्ला बघितला, आकडे नीट वाचले आणि कळवले. उपग्रह टॅग महाग असतात आणि मोजक्याच कासवांना लागतात, बिल्ला मात्र वाचायला फक्त रात्री जागणारा माणूस लागतो.

रात्री किनाऱ्यावर अशी माणसं हजर असणं चेन्नईत फार आधीपासून दिसतं. तिथे 1988 पासून विद्यार्थी मोसमात रात्री किनाऱ्यावर चालतात, स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्वेशन नेटवर्क नावाचा गट आहे, नीलांगरैपासून बेझंट नगरपर्यंत, पूर्ण शहरी किनारा. एक पिढी शिकून नोकरीला लागते, पुढची पिढी चालायला येते. मला हे मॉडेल फार आवडतं कारण त्यात सातत्य आहे. गोव्यात मोरजी, गालजीबाग, आगोंद इथे वनविभागाचं काम चालतं आणि तिथे पर्यटनाचा दाब कोकणापेक्षा कितीतरी जास्त आहे, रात्रीचे शॅक, म्युझिक, लाईट, त्यामुळे तिथे व्हॉलंटियरचं निम्मं काम लोकांशी बोलण्याचं असतं.

लाईट हा विषय वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. पिल्लं उजळ बाजूला जातात असं वर म्हटलं, तर किनाऱ्यालगत रिसॉर्टचा हॅलोजन असेल तर ती समुद्राकडे पाठ करून त्याच्याकडे जातात, रस्त्यावर येतात, सकाळी सुकून मेलेली सापडतात. उपाय किती साधा आहे बघा, मोसमात समुद्राकडचे दिवे बंद किंवा खाली तोंड केलेले आणि झाकलेले, पांढऱ्याऐवजी पिवळे-तांबूस. पण हे रिसॉर्टवाल्याला कोण सांगणार? गावातल्या माणसाला संकोच वाटतो, रोजचे संबंध असतात, आणि तिथे राहायला आलेलं गिऱ्हाईक म्हणून तुम्ही सांगितलंत तर लगेच ऐकलं जातं. व्हॉलंटियरिंगच आहे हे.

अधिवास म्हणजे कासवासाठी नेमकं काय, तर भरतीच्या रेषेच्या वर असलेली, मोकळी, भुसभुशीत, अंधारी पुळण. ती चारी बाजूंनी कमी होतेय. धूप थांबवायला बंधारे घालतात, त्या दगडांवर मादी चढू शकत नाही. सुरूची झाडं अगदी पाण्यापर्यंत लावली की मुळांमुळे खणता येत नाही आणि जागाही आक्रसते. उलट मर्यादवेल असते ना, जांभळ्या फुलांची, ती वाळू धरून ठेवते, किनारा साफ करायच्या उत्साहात तीच उपटून टाकू नका. बीच क्लीनअप हे चांगलंच काम आहे, मुंबईत वर्सोव्याला 2015 पासून लोकांनी किनारा साफ केला आणि मार्च 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडलेची पिल्लं दिसली, पण कासवांच्या किनाऱ्यावर क्लीनअप करायचा तर हातानं करायचा, ट्रॅक्टर-जेसीबी फिरवले तर चाकाखाली घरटी दबतात. आणि मोसमाच्या आधी करायचा, ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नोव्हेंबरमध्ये मादी वर चढताना जाळ्यांचे तुकडे आडवे येत नाहीत. किनाऱ्यावर खरकटं टाकलं की भटकी कुत्री वाढतात आणि तीच कुत्री रात्री घरटी उकरतात, हा संबंध लोकांच्या चटकन लक्षात येत नाही.

मच्छिमारांना दोष देऊन बरेच जण मोकळे होतात, ते मला पटत नाही. कासव जाळ्यात अडकलं तर मच्छिमाराचंही नुकसानच आहे. महाराष्ट्रात जाळं कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छिमाराला जाळ्याची भरपाई द्यायची योजना आहे, 25 हजार रुपयांपर्यंत, त्यासाठी सोडतानाचा फोटो-व्हिडिओ लागतो आणि मग अर्ज. हा अर्ज भरून द्यायला, कागद जुळवायला मदत करणारा शिकलेला पोरगा बंदरावर असला तर किती फरक पडेल!

आता जायचं कसं ते. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण, त्यामुळे आपल्या मनानं घरटं शोधणं, अंडी हलवणं, पिल्लू उचलणं हे गुन्ह्यात मोडतं, उद्देश कितीही चांगला असो. वनविभाग किंवा त्यांच्या परवानगीनं काम करणारी संस्था यांच्यामार्फतच जायचं. जाण्याआधी संस्थेला बेधडक विचारा: परवानगी कोणाची आहे, घरटी जागेवर ठेवायचा प्रयत्न करता का, पिल्लं किती वेळ ठेवता, नोंदी कोणाकडे जातात, आणि पैसे घेत असाल तर त्यातलं कासवमित्राला काय मिळतं. चांगली संस्था न चिडता उत्तरं देते. "पिल्लू हातात घ्यायला मिळेल" अशी जाहिरात असेल तर तिथे जाऊ नका, एवढं मी ठाम सांगेन. राहायचं गावातल्या घरी, होमस्टेमध्ये. वेळासला कासवाच्या निमित्तानं लोक यायला लागले आणि घराघरांतून जेवणाखाण्याचं उत्पन्न सुरू झालं, तेव्हा अंडं खाण्यापेक्षा पिल्लू समुद्रात जाण्यात गावाचा फायदा आहे हे सगळ्यांना दिसलं. नुसत्या उपदेशानं ते झालं नसतं.

आणि दोन दिवसांसाठी जाणार असाल तर बघायला म्हणून जा, पैसे गावात खर्च करा, नियम पाळा, तेवढंही पुरेसं आहे. व्हॉलंटियर म्हणवून घ्यायचं तर निदान आठवडा-दोन आठवडे हवेत, कारण पहिले दोन दिवस कासवमित्रालाच तुम्हाला शिकवण्यात घालवावे लागतात. मराठी बोलता येणारा माणूस तिथे सोन्यासारखा, गावच्या शाळेत मुलांशी बोलायला, मच्छिमारांशी बोलायला, आलेल्या पर्यटकांना समजावून सांगायला. ज्यांना जाता येत नाही त्यांनी नोंदवह्यांचे आकडे एक्सेलमध्ये भरून दिले तरी संस्था आशीर्वाद देतील, वर्षानुवर्षांच्या वह्या पडून असतात.

शेवटी पावसाळ्याचं, कारण तेव्हा महोत्सव नसतो आणि गरज मात्र असते. जून ते सप्टेंबर खवळलेल्या समुद्रातून जखमी कासवं किनाऱ्याला लागतात, बऱ्याच वेळा समुद्रात सुटलेल्या जुन्या जाळ्यात गुंतलेली, कधी पाय तुटलेला. असं कासव दिसलं की लोकांची पहिली प्रतिक्रिया असते ते परत पाण्यात ढकलायची. ढकलू नका. ते दमलंय, आजारी आहे किंवा पोहता येत नाही म्हणूनच वर आलंय, परत ढकललं तर बुडून मरेल, कासव फुफ्फुसानं श्वास घेतं. टबात किंवा टाकीतही ठेवू नका. सावली करा, ओलं फडकं पाठीवर टाका, नाक-तोंड मोकळं ठेवा, खायला काही घालू नका, गर्दी आणि कुत्री लांब ठेवा, आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाईनला फोन करा. सांगताना किनाऱ्याचं नाव, जवळची खूण, कासव हालचाल करतंय का, जाळं गुंतलंय का, एवढं सांगा, लांबून एक फोटो काढून ठेवा, आणि माणसं येईपर्यंत तिथेच थांबा.